हिरव्या पट्ट्याचं देणं

माझ्या धंद्यातली माणसं गुरूंची नावं सांगताना पुस्तकांची, फार तर पुण्या-बंगळुरूच्या एखाद्या साहेबाची नावं घेतात. पासवर्ड या विषयात मला जे कळतं, त्यातलं निम्मं मी गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना लागणाऱ्या एका बाजाराच्या गावात शिकलो, तिथल्या सेवा केंद्राच्या ताईंकडून. नाव छापायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद आहे.

काम तसं किरकोळ होतं. पोलीस भरती, वनरक्षक भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी एका संस्थेला सराव परीक्षांचं संकेतस्थळ हवं होतं. त्यात नोंदणीचा फॉर्म, आणि पासवर्डच्या चौकटीखाली तो कच्चा की पक्का हे टाईप करता करताच सांगणारा रंगीत पट्टा. लाल, पिवळा, हिरवा. मी मूळचा चंद्रपूरचा, म्हणून काम माझ्याकडे आलं. आणि फॉर्म खरी मुलं कशी भरतात ते बघायला मी त्या केंद्रात जाऊन बसलो.

बहुतेक ठिकाणचे पट्टे नुसते नियम मोजतात. आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. इंग्रजी अक्षरांत ‘गडचिरोली@१२३’ टाकलं की चारही अटी पुऱ्या आणि पट्टा हिरवागार. असल्या नियमांचं मूळ अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २००३च्या मार्गदर्शिकेत सापडतं. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, आणि त्याच वर्षी संस्थेनेही चिन्हा-आकड्यांची सक्ती सोडली. पासवर्ड लांब असू द्या, आणि तो आधीच फुटलेल्यांच्या यादीत नाही ना ते तपासा, असा नवा सल्ला आला. म्हणून मी झेडएक्ससीव्हीबीएन नावाचं तयार सॉफ्टवेअर घेतलं होतं. कीबोर्डच्या खालच्या ओळीतली सलग अक्षरं, हेच त्याचं नाव. ड्रॉपबॉक्समधल्या डॅन व्हीलर यांनी २०१२ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. हा पासवर्ड ओळखायला चोराला किती प्रयत्न लागतील याचा ते अंदाज बांधतं आणि शून्य ते चार गुण देतं. ‘ए’च्या जागी ‘@’ घातला तरी फसत नाही, उलटा लिहिलेला शब्द ओळखतं, तारखा ओळखतं. हुशार आहे. पण त्याच्या याद्या इंग्रजी शब्दांच्या आणि अमेरिकन जनगणनेतल्या नावांच्या.

पोरं फॉर्म भरत होती, ताई मागे उभ्या होत्या. एकाचा पट्टा हिरवा झाला तशा त्या पुढे वाकल्या.

“भाऊ, हे काहून हिरवं झालं? हा तं मी झोपेत सांगन.”

आणि खरंच सांगितला. पोराने टाकलेलं अख्खं, चिन्हासकट. पोरगा हसला, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. कारण याआधीचे त्याचे सगळे पासवर्ड ताईंनीच ठेवलेले. टेबलाच्या खणात लांबोडकं रजिस्टर होतं, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर, मध्ये रबर बँड. नाव, मोबाईल, ई-मेल, पासवर्ड, जन्मतारीख असे बॉलपेनने आखलेले रकाने. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणाऱ्या पोराला पुढच्या वर्षी काही आठवत नाही. तेव्हा हे रजिस्टर नसतं तर कित्येकांचे अर्ज अडले असते. सुरक्षेच्या पुस्तकांत अशा रजिस्टराला मोठा गुन्हा म्हटलेलं असतं. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांपैकी कोणी अर्जाच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्रात बसलेलं नसावं.

मी ते मागितलं असतं तर त्यांनी दिलं नसतं. “कोनाचा कोनता, ते नाही सांगनार,” म्हणत त्यांनी खण लावून घेतला आणि चहा मागवला. मग तोंडी सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. पोरी धाकट्या भावाचं नाव टाकतात. पोरं गावाचं नाव, नाहीतर गाडीचा नंबर. मार्कंडा, महाकाली, वैनगंगा. गोंड घरातला असेल तर जय सेवा आणि ७५०, त्यांच्यात तो आकडा पवित्र. जय भीम आणि १९५६ हेही बरंच. चंद्रपूरला बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ला धम्मदीक्षा दिली, ते साल इथे पाठ करावं लागत नाही. व्हीलर यांच्या यंत्राला १९५६ हे साल आहे एवढं कळतं. ते कोणाचं साल आहे, हे कुठून कळणार? आणि नाव अधिक जन्मसाल ही जोडी तर ई-आधारच्या फाईलनेच घरोघरी पोचवली: नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं, पुढे जन्माचं वर्ष.

यंत्रात आपले शब्द घालायची सोय आहे. ताईंचे शब्द, गडचिरोली-चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांची नावं, देव, नद्या, आडनावं, शिवाय फॉर्ममध्ये त्या मुलाने नुकतंच भरलेलं स्वतःचं नाव आणि मोबाईल, असं सगळं घातलं. हिरवे पट्टे धडाधड लाल झाले. मला आनंद, ताईंना नाही.

“आता तुमी पोट्ट्याले अवघड लिहाले लावसान. तो पट्टा हिरवा झाला का लगेच माह्या रजिस्टरात येऊन बसते.”

चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या, त्यातल्या एकीचं नावच चोर खिडकी. जटपुरा दरवाजा कितीही भक्कम असो, चोर खिडकीतूनच येणार. मला त्या दिवशी रजिस्टरात ती खिडकी दिसली. मग अवघडपणाचा हट्ट सोडून पट्ट्याखाली मराठीत ओळ लिहिली: एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे शब्द घ्या. उदाहरण ताईंनीच पुरवलं, बोडी, कंदील, गूळ आणि सायकल. (ते आता छापून आलं, तेव्हा कोणी वापरू नये.) पोरांना शब्द लक्षात राहिले, लिहून द्यावे लागले नाहीत. रजिस्टर तरी बंद झालं नाही, पण त्या रकान्यात आता काही ठिकाणी नुसती रेघ असते.

रंगाचं फार मनावर घेऊ नये, हे मात्र संशोधनाने आधीच सांगून ठेवलंय. कार्नेगी मेलनच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये निरनिराळे पट्टे तपासले, एकात तर पासवर्ड जसा पक्का होईल तसा ससा जोरात नाचायचा. दिसण्याने फारसा फरक पडला नाही. कडक गुण देणाऱ्या पट्ट्यांनीच पासवर्ड खरोखर मजबूत झाले.

आणखी एक गोष्ट ताईंचीच. रेंजची एकच कांडी असली की पट्टा हलायचाच नाही, कारण ते यंत्र दाबून लहान केलं तरी चारशे केबीच्या घरात जातं. ताई म्हणाल्या, नाव लिहीत असताना मागून येऊ द्या ना. तसंच केलं: पहिल्या चौकटीत बोट पडलं की ते उतरायला लागतं, पासवर्डपर्यंत पोचेतो हजर.

पैशांचं विचारलं तर रागावल्या. परवा फोन केला तेव्हा ख्यालीखुशाली व्हायच्या आधीच त्यांनी नवीन काम काढलं होतं. डोंगराकडच्या गावांतल्या पोरांना ओटीपी पोचतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते, दुसरा मागवला की पहिला येतो. “तुमच्या पट्ट्याचं झालं, आता याचं पाहा,” म्हणाल्या. बघतोय.