घरीच तर असतोस!

कचेरीतल्या कामाचा शीण सर्वांना मान्य असतो. घरून काम करणाऱ्याचा मात्र कोणाला दिसत नाही. कचेरीतून दमून आलेल्या गृहस्थाची घरात थोडीफार सरबराई होते. जो मुळी बाहेर गेलाच नाही, त्याची कोण करणार? उलट 'घरीच तर असतोस!' या तीन शब्दांनी त्याचा दिवसभर सत्कार होत असतो.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली आणि पुण्यामुंबईच्या कचेऱ्या कित्येकांच्या माजघरात येऊन बसल्या. माझी चाळीसगावात आली. टाळेबंदी उठली, पण कचेरी काही उठली नाही! पहिले काही महिने मोठी चैन वाटली. खोलीचे भाडे वाचले, खाणावळ सुटली, ताटात आईच्या हातची कळण्याची भाकरी आली. पुढे हळूहळू ध्यानात आले की, काम संपवून माणूस ज्या जागी परत यावयाचा, त्याच जागी काम मुक्कामाला आले आहे. रात्री दहा वाजता साहेबांचा निरोप येई, 'जरा पाहून घ्या.' जरा पाहता पाहता अकरा वाजत. अंथरुणाला पाठ टेकली तरी डोक्यातली आकडेमोड थांबत नसे. दिवसा आई हाक मारी, 'अरे, घरीच आहेस तर दळण घेऊन ये.' तिचेही काही चुकत नव्हते. मालक दोन आणि नोकर एक, अशी ती अवस्था!

एके दिवशी आई हळू आवाजात वडिलांना म्हणाली, 'पुण्याला होता तेव्हा फोनवर तरी बोलायचा हो!' ते ऐकले आणि त्या दिवशी माझे कामात लक्ष लागले नाही.

वास्तविक या बाबतीत चाळीसगावकराला गुरू शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्या स्टेशनाजवळच केकी मूस यांचे घर आहे. 1912 साली मुंबईत जन्मलेला, विलायतेत कला शिकून आलेला हा पारशी कलावंत ऐन तारुण्यात या गावी आला आणि 1989 साली मृत्यू येईपर्यंत जवळजवळ घराबाहेर पडलाच नाही. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खा देखावा उभा करायचा आणि त्याचे छायाचित्र घ्यायचे, यात त्यांचा हातखंडा होता. मुंबईहून येणाऱ्या रात्रीच्या गाडीची ते रोज वाट पाहत आणि ती निघून गेल्यावरच दार लावून घेत, असे गावात सांगतात. त्यामागच्या प्रेमकथेची चर्चा पुष्कळ होते. मला त्यात निराळेच काही दिसते. त्यांच्या एकांताचा कित्ता कोणी गिरवावा असे मी म्हणणार नाही. परंतु घर न सोडणाऱ्या या माणसाच्या दिवसालाही एक गाडी होती. ती गेली, की दिवस संपला.

दुसरे उदाहरण गिरगावातले. 1959 साली सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत'चा उद्योग वाढला. या उद्योगातल्या बायका केंद्रावरून भिजवलेले पीठ तोलून घरी नेतात, लाटतात आणि वाळलेले पापड पुन्हा तोलून देतात. कष्ट थोडे नाहीत. खांदे भरून येतात, कंबर धरते. पण पीठ संपले की आजचे काम संपले, एवढे हातांना कळते. आमच्या संगणकातले पीठ संपतच नाही! ताण येतो तो पुष्कळदा कामाच्या ओझ्यापेक्षा या न संपण्यानेच.

तेव्हा मीही सकाळी पीठ तोलून घेऊ लागलो. कागदावर दिवसाची चार कामे लिहायची. पाचवे आले, तर ते उद्याच्या कागदावर. साहेबांना सांगून टाकले, 'सातनंतर आलेले सकाळी पाहीन.' आभाळ कोसळले नाही. सात वाजता संगणक मिटायचा, चपला घालायच्या आणि स्टेशनापर्यंत चालत जाऊन यायचे. कचेरीतून घरी येण्याचा रस्ता म्हणजे फुकट गेलेला वेळ, असे आपण समजत होतो. वाटेत मन कपडे बदलत असते, हे तो रस्ता गेल्यावर कळले. फलाटावर कोणी धुळ्याच्या गाडीची चौकशी करीत असतो, कोणी पोराला आवरत असतो. त्यांतल्या कोणालाही माझ्या हिशेबाच्या तक्त्याशी कर्तव्य नसते, याचे मोठे सुख वाटते.

महिनाअखेरीची ओढाताण अजून आहेच. परंतु परतताना गिरणीवरून दळण आणतो आणि ओट्यावर बसून आईशी अर्धा तास गप्पा मारतो. आईची आता तक्रार नाही. शेजारच्या काकूंची मात्र खात्री पटली आहे की, माझी नोकरी गेली. परवाच त्यांनी आईला सांगितले, 'काळजी करू नका हो, लागेल कुठेतरी!'