न उडालेल्या रॉकेटची ओळख

पुणे

चि. मुक्तास,


सॅटर्न ५ रॉकेटच्या मॉडेलचा रेव्हेल कंपनीचा संच तू एकटीने उभा केलास, हे फोटोत पाहून फार आनंद झाला. खरं रॉकेट ११० मीटरहून थोडं उंच. त्याचा ९६ वा भाग म्हणजे तुझं मॉडेल ११५ सेंटिमीटरच्या आसपास भरलं असेल. ह्यूस्टनच्या त्या छोट्या खोलीत त्याला कुठे जागा केलीस, ते कळव.

आता तुझा प्रश्न. पहिल्या टप्प्याच्या साधारण मध्यावर संचात काळा रंग छापलेला आहे, पण अपोलो ११ च्या फोटोंत तो भाग पांढरा आहे. मग त्यावर पांढरा रंग मारू का, असं तू विचारतेस. माझं ऐकशील तर मारू नकोस. तो काळा रंग एका खऱ्या रॉकेटचा आहे. ते कधी उडालं नाही, म्हणून त्याची आठवण कोणी काढत नाही, एवढंच.

त्याचं नाव एसए-५००एफ. १९६६ साली नासापुढे विचित्र पेच होता. फ्लोरिडात रॉकेट जोडायची प्रचंड इमारत तयार होती, रॉकेट वाहून नेणारं रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं वाहन तयार होतं, उड्डाणमंच ३९ए तयार होता; पण ज्याच्यासाठी हे सगळं उभारलं ते रॉकेट अजून तयार नव्हतं. सगळ्या गोष्टी एकमेकींत नीट बसतात का, हे बघायला ५००एफ बनवलं. आकार खऱ्याचा, जोडण्या खऱ्याच्या, टाक्यांत इंधन भरून बघता येईल अशी सोय. उडायचं मात्र नाही. २५ मे १९६६ रोजी ते इमारतीतून बाहेर आलं आणि साडेपाच किलोमीटर संथपणे चालत मंचावर पोचलं. चंद्रावर माणूस उतरवू, असं केनेडींनी अमेरिकी संसदेत सांगितलं, त्याला त्या दिवशी बरोबर ५ वर्षं होत होती.

पुढचे काही महिने त्या रॉकेटने कामगारांना आणि इंजिनिअरांना धडे दिले. जूनमध्ये अल्मा नावाचं चक्रीवादळ आलं, तेव्हा अख्खा डोलारा परत इमारतीत न्यावा लागला. म्हणजे माघारी नेण्याचीही तालीम झाली. ऑगस्टमध्ये मंचाकडे द्रवरूप ऑक्सिजन नेणारी वाहिनी फुटली. उड्डाणाच्या दिवशी हेच झालं असतं तर काय, याचा विचार कर. कोणाचाही जीव पणाला न लावता असे दोष ५००एफमुळे उघडे पडले. पहिलं सॅटर्न ५ उडालं ते त्यानंतर, ९ नोव्हेंबर १९६७ रोजी.

काळ्या रंगाचं उत्तरही याच तालमीत आहे. रॉकेटवर काळे-पांढरे भाग ठेवतात, ते जमिनीवरच्या कॅमेऱ्यांना रॉकेट स्वतःभोवती किती फिरलं ते कळावं म्हणून. पहिल्या टप्प्यात वर द्रवरूप ऑक्सिजनची टाकी, खाली केरोसिनची आणि दोन्हींच्या मध्ये पन्हळी पत्र्याचा जोडभाग. ५००एफवर या जोडभागालाही काळा रंग होता. फ्लोरिडाच्या उन्हात तो तापायचा आणि आतलं तापमान नको इतकं चढायचं. म्हणून उड्डाणाच्या रॉकेटांवर तो भाग पांढरा ठेवला. चैत्र-वैशाखात काळं कापड टाळणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजवायला नको!

मग हा रंग खोक्यात कसा आला? माझी सगळी नोकरी भोसरीत प्लास्टिकचे मोल्ड बनवण्यात गेली, त्यामुळे हे मला अगदी जवळचं वाटतं. त्या काळी मॉडेलचा भाग आधी मोठ्या आकारात हाताने घडवत आणि पँटोग्राफ यंत्राने त्याची लहान प्रतिकृती पोलादात कोरत. हे काम महिनोन् महिने चालतं. संच १९६९ साली दुकानात हवा, तर आराखडे आणि फोटो त्याच्या बरेच आधी हातात हवेत. जगभर छापून आलेलं, जवळून पाहता येणारं पहिलं पूर्ण सॅटर्न ५ म्हणजे ५००एफ. साहजिकच त्या काळच्या अनेक संचांत त्याचीच रंगसंगती उतरली. तुझ्या संचात तर टप्प्यांची कातडी म्हणजे छापील प्लास्टिकचे सपाट तक्तेच. ते गुंडाळले की रंगासकट नळकांडं तयार. मोल्ड फार महाग असतो. एकदा केला की तोच वर्षानुवर्षं चालवतात. पोलाद कोरून काढणं सोपं, परत भरणं जिकिरीचं. म्हणून १९६६ चं रॉकेट २०१९ मध्ये, अपोलो ११ च्या पन्नाशीलाही, नव्या खोक्यातून बाहेर पडत होतं.

रशियाच्या बाबतीत उलटं घडलं. गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी अवकाशात गेला, पण त्याला नेणारं रॉकेट सोव्हिएत संघाने जगापुढे मांडलं ते १९६७ च्या पॅरिस विमान प्रदर्शनात. गागारिनच्या वोस्तोक यानाचं रेव्हेलचं मॉडेल १९६९ मध्ये आलं. अमेरिकेने लवकर दाखवलं म्हणून मॉडेलमध्ये तालमीचं रॉकेट आलं. रशियाने उशिरा दाखवलं म्हणून मॉडेलच उशिरा आलं. मॉडेल हा त्या त्या वेळी जगाला काय ठाऊक होतं याचा पुरावा असतो. तो खोडायचा नसतो, वाचायचा असतो.

टूलरूममध्ये आम्ही पहिले नमुने काढायचो, ते गिऱ्हाइकाकडे कधी जात नसत. कुठे कडेला प्लास्टिकची जादा पत्री येते, कुठे खड्डा पडतो, ते त्यांच्यावर कळायचं. पुढचे हजारो भाग बिनचूक निघायचे ते त्या नमुन्यांच्या जिवावर. ५००एफबद्दल मला जी माया वाटते ती यामुळेच.

तेव्हा बैठकीवर ‘अपोलो ११’ लिहू नकोस. ‘एसए-५००एफ, मे १९६६’ असं लिही. फक्त शेंड्यावरच्या यानात अंतराळवीर आहेत असं कोणाला सांगू नकोस, तिथे कोणी नव्हतं. अपोलो ११ हवंच असेल तर दुसरा संच घे आणि फोटो समोर ठेवून रंगव. दोन्ही शेजारी ठेवलेस की पाहणारा फरक विचारेल आणि तुला ही सगळी गोष्ट सांगता येईल.

आणि एक काम कर. जॉन्सन स्पेस सेंटरला आडवं ठेवलेलं सॅटर्न ५ तुझ्या गावातच आहे. त्याचे तिन्ही टप्पे उड्डाणासाठी बनवले होते, पण मोहिमा रद्द झाल्या. पहिल्या टप्प्याजवळ जा, पन्हळी पत्र्याचा जोडभाग शोध आणि जवळून फोटो काढून पाठव. पन्हळ किती खोल आहे, ते मला बघायचं आहे.

तब्येत सांभाळ. आईला फोन करत जा.

तुझा,
मामा