जेन वॉर्टनची छाती

२ जुलै
ड्युटीवरून आल्यावर लेडी कॉन्स्टन्स लिटन यांचं 'प्रिझन्स अँड प्रिझनर्स' वाचायला घेतलं. जानेवारी १९१०, लिव्हरपूलचा वॉल्टन तुरुंग. उपोषणाला बसलेल्या बाईंच्या दातांत पोलादी पाचर घालून जबडा फाकवलेला, घशात चार फुटी नळी, हातपाय दाबून धरलेले. नळी आत असतानाच उलटी. डॉक्टरनं जाताना गालावर चापट मारली आणि बाईंना त्या घाणीतच सोडलं.

आम्ही नाकातून राइल्स ट्यूब घालतो ते पेशंटला उठवून बसवून. "गिळा काकू, अजून एकदा गिळा," म्हणत इंच-इंच सरकवायची. ती पोटातच गेलीय ना, हे तपासल्याशिवाय दुधाचा थेंब सोडायचा नाही. नको म्हणणाऱ्या, गुदमरणाऱ्या बाईच्या घशात ती कोंबणं ही मारहाण आहे. सरकार या मारहाणीला उपचार म्हणत होतं.

३ जुलै
या ब्रिटिश बायकांची मागणी मताच्या हक्काची, आणि तुरुंगात राजकीय कैदी म्हणून वागवण्याची. त्यांच्यातल्या मॅरियन वॉलेस डनलॉप जुलै १९०९ मध्ये होलोवे तुरुंगात ९१ तास उपाशी राहिल्या आणि सुटल्या. सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या तुरुंगात जबरदस्तीची नळी आली. शंभरावर डॉक्टरांनी पंतप्रधान ॲस्क्विथ यांच्याकडे निषेध नोंदवला. नळी घातलेल्यांपैकी मेरी ली कोर्टात गेल्या, तर कैद्याचा जीव राखणं हे तुरुंगाच्या डॉक्टरचं कर्तव्यच, असा निकाल लागला.

५ जुलै
आज राग आवरत नाही. ऑक्टोबर १९०९ मध्ये लिटनबाई न्यूकॅसलला उपाशी राहिल्या, तेव्हा हृदय तपासून, त्यात दोष आहे म्हणून सोडून दिलं होतं. वडील हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय. मग साध्या बाईला कसं वागवतात ते पाहायला बाईंनी केस कापले, चष्मा लावला, शिवणकाम करणारी जेन वॉर्टन झाल्या. आता वॉल्टनमध्ये नळी घालण्याआधी छातीला कुणी हात लावला नाही. नंतर एका तरुण डॉक्टरनं ओझरतं ऐकून हृदय उत्तम असल्याचं सांगितलं. त्याच हृदयाची बाई! एकूण आठ वेळा नळी.

८ जुलै
१९१३ चा 'मांजर-उंदीर कायदा' वाचला. उपोषणानं बाई खंगली की सोडा, सावरली की पुन्हा आत टाका. मरण तेवढं तुरुंगाबाहेर यावं, एवढीच काळजी.

वॉल्टनबद्दलच्या लिटनबाईंच्या तक्रारी गृहखात्यानं निराधार ठरवल्या. १९१२ मध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. हे पुस्तक त्यांनी डाव्या हातानं लिहून १९१४ मध्ये छापलं.