पानगळ

मुलांनो, उर्दू कवितेत ‘खिजाँ’ हा शब्द तुम्ही पुष्कळदा वाचला असेल. खिजाँ आली, की बागेतली पाने झडतात आणि बुलबुल उदास होतो. मराठीत आपण तिला ‘पानगळ’ म्हणतो. पण ही पानगळ नेमकी येते केव्हा? काश्मीरमध्ये ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. तेथे या ऋतूला ‘हरुद’ म्हणतात. चिनारची पाने लाल होतात आणि गळून पडतात. आमच्या गावात मात्र त्या दिवसांत झाडे हिरवीगार असतात. आमची पानगळ उशिरा येते, आणि येते तीही मांजरासारखी, पावले न वाजवता.

माझे गाव तिसगाव. ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यात आहे. २०२४ पर्यंत या जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते. जवळच गर्भगिरीचे डोंगर आहेत. सह्याद्री पावसाचे ढग पश्चिमेलाच अडवतो, म्हणून आमच्याकडे पाऊस थोडा. आमचे घर गावाबाहेर, झाडांच्या दाटीत आहे. अंगणात मोठा कडुनिंब, मागे चिंच आणि शेवगा, बांधावर बाभळी व सीताफळी आणि ओढ्याच्या कडेला पिंपळ. तुम्ही पावसाळ्यात आलात, तर तुम्हांला आमचे घर रस्त्यावरून दिसणारही नाही.

कार्तिकात सकाळी गवतावर दव दिसू लागते. ही पहिली खूण. पौषात शेवग्याची बारीक पिवळी पाने अंगणात पडू लागतात. मग सीताफळीची पाने सुकतात. माघात कडुनिंबाचा रंग फिका होतो. आजी सकाळी अंगण झाडायची आणि दुपारपर्यंत ते पुन्हा पानांनी भरायचे. ती रागावत नसे. पाने गोळा करून उकिरड्यात टाकायची आणि म्हणायची, “झाडाचं देणं झाडालाच परत करायचं.” त्या पानांचे खत होई आणि पावसाळ्याआधी ते शेतात जाई.

फांद्या उघड्या पडल्या, की लपलेल्या गोष्टी दिसू लागतात. कावळ्याचे जुने घरटे दिसते. बाभळीवर सुगरणीचे रिकामे खोपे झुलताना दिसतात. आणि एके दिवशी खिडकीतून एकदम डोंगर दिसतो! पावसाळाभर तो पानांआड दडलेला असतो.

झाडे पाने का गाळतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का? पानांवर अगदी बारीक छिद्रे असतात. त्यांतून झाडातले पाणी वाफ होऊन उडून जाते. थंड देशांत झाडे हिवाळ्यामुळे पाने गाळतात. आमच्याकडे ती कोरड्या हवेमुळे गाळतात. जमिनीतली ओल कमी झाली, की झाड काटकसर करू लागते. पानातले हिरवे द्रव्य कमी होते, म्हणून पान पिवळे दिसते. पानातली कामाची द्रव्ये झाड परत घेते. मग देठाच्या बुडाशी एक नाजूक थर तयार होतो आणि वाऱ्याच्या झुळकेनेही पान सुटते. म्हणजे पानगळ हे मरण नव्हे. ती जगण्याची युक्ती आहे.

हे मी पुस्तकातून फार पुढे शिकलो. आधी ते मला आमच्या कडुनिंबाने शिकवले.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा मी पाचवीत होतो. विहिरी आटल्या. गावोगावची माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला जाऊ लागली. माझे आईवडीलही जात. त्या वर्षी पानगळ वेळेआधीच आली. कडुनिंबावर एरवी थोडी तरी पाने टिकतात. त्या वर्षी एकही राहिले नाही. खालच्या फांद्या आम्ही शेळ्यांसाठी आधीच तोडल्या होत्या. झाड नुसता सांगाडा झाले होते.

एके दिवशी लाकडाचा व्यापारी आला. “झाड वाळलंय. आज पैसे घ्या, उद्या सरपणाचा भाव मिळेल,” तो म्हणाला. घरात ज्वारी संपत आली होती. वडील बराच वेळ बोललेच नाहीत. शेवटी ते उठले आणि म्हणाले, “घेऊन जा.”

आजी पुढे झाली. तिने शेजारच्या चाचांना हाक मारली. त्यांनी शेळ्यांमागे जन्म काढला होता. झाडाझुडपांची त्यांना चांगली पारख होती.

“भाऊ, एवढं झाड बघा. मेलंय का जितं आहे?”

चाचांनी चाकू काढला. खोडावर नको म्हणून एका फांदीची साल नखाएवढी खरवडली. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. वाळक्या सालीखाली ओला, हिरवा पट्टा होता.

“अक्का, झाड जितं आहे,” चाचा म्हणाले. “ही खिजाँ आहे. हिच्यामागून बहार येते.”

वडिलांनी व्यापाऱ्याला हात जोडले. तो निघून गेला. त्या रात्री आम्ही अर्धीच भाकरी खाल्ली, हेही मी तुम्हांला सांगितले पाहिजे. झाड वाचवणे फुकट नव्हते.

गुढीपाडव्याच्या आधी त्या फांद्यांना तांबूस, कोवळी पालवी फुटली. पाडव्याला गुढीला कडुनिंबाचा डहाळा बांधतात आणि कोवळा पाला गुळाबरोबर खातात. आजीने पहिला डहाळा चाचांच्या घरी पाठवला.

पण माझी गोष्ट इथे संपत नाही. आमच्या तालुक्यात आणखी एक पानगळ होते. दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझ्या शेजारी बसणारा मुलगा असाच गेला. जाताना त्याने आपली पाटी माझ्याकडे ठेवायला दिली. कडुनिंबाला मोहोर आला तेव्हा तो परतला. मी पाटी घेऊन धावत गेलो. तो हसला, पण पाटी घेईना. “परीक्षा होऊन गेली ना,” एवढेच म्हणाला. त्यानंतर तो शाळेत आला नाही. झाडाची पालवी परत आली; त्याची शाळा परत आली नाही. ती पाटी अजून माझ्याजवळ आहे.

आता काही ठिकाणी अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवतात. आईवडील ऊसतोडीला गेले, तरी मुले गावातच राहून शिकू शकतात. तरीही दरवर्षी काही जागा रिकाम्या होतातच.

म्हणून मुलांनो, तुम्हांला दोन कामे सांगतो. घराजवळचे एक झाड निवडा. पहिले पान केव्हा पिवळे झाले, पालवी केव्हा फुटली, हे वहीत लिहून ठेवा. आणि तुमच्या वर्गात एखादी जागा रिकामी दिसली, तर तो मुलगा किंवा ती मुलगी कुठे गेली, याची चौकशी करा. त्यांच्यासाठी वहीत धडे उतरवून ठेवा.

वरून वाळलेले दिसले, तरी आत हिरवे असू शकते. फक्त कुणीतरी वेळेवर पाहायला हवे.