शेवट कापलेला व्हिडिओ

गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एक पोर उचलतात आणि सुसाट निघून जातात. २०१८ च्या उन्हाळ्यात हा व्हिडिओ देशभरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला. सोबत मजकूर असे, मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे, सावध राहा.

चित्रफीत कराचीची होती. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या ‘रोशनी’ संस्थेच्या जनजागृतीसाठी ती बनवलेली. मूळ फितीत ते दोघे परत येऊन पोराला खाली उतरवतात आणि फलक उघडून दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढाच भाग कापला. नवं काही रचावं लागलंच नाही!

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ‘पोरं पळवणारे’ ठरले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. गावोगाव फिरणं हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय, ते अनोळखीच असणार. अफवेला चेहरा हवा असतो आणि तो बहुधा भटक्यांमध्येच शोधला जातो.

दोष निव्वळ मोबाइलचा नव्हे. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा ती बातमी लँडलाइनवरून एका दिवसात परदेशापर्यंत गेली होती.

तरीही वेगाचा हिशेब वेगळा आहे. एमआयटीच्या तीन संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे सव्वा लाख बातम्यांचा माग काढला. मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त, आणि दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागतो. यंत्रांनी चालवलेली खाती वगळली तरी निष्कर्ष तोच राहिला. म्हणजे हे काम माणसंच करतात, आणि माझ्या मते त्यांतली बरीचशी काळजीपोटी करतात. ‘आलं तसं पाठवतेय, खरं-खोटं माहीत नाही, पण पोरांना सांभाळा’ असं लिहिणाऱ्या आत्याचा हेतू वाईट नसतो. जबाबदारी मात्र त्या एका ओळीत अंगावरून झटकलेली असते, आणि वाचणाऱ्याला दिसते ती फक्त आत्या.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ हे लेबल आणलं आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या अफवांना ऊत आला तेव्हा, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं. त्याने असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. पण मजकूर कॉपी करून नव्या मेसेजात चिकटवला की ते लेबल लागतच नाही. मग तो थेट आत्यानेच लिहिल्यासारखा दिसतो.