पायांखालची फरशी

घर बांधणाऱ्या मनुष्याची बहुतेक हौस डोळ्यांच्या उंचीवर संपते. भिंतींचा रंग, दारांची नक्षी, खिडक्यांचे पडदे यांविषयीं तो आठवडेच्या आठवडे वाद घालतो. परंतु घरांतील माणसें दिवसभर जिला शिवत असतात त्या जमिनीची निवड मात्र दुकानांतील झगझगीत दिव्यांखालीं, उभ्याउभ्या, अर्ध्या तासांत उरकतो. नगरांतील आमच्या जुन्या घराची जमीन नव्यानें करावयाचें ठरलें, तेव्हां आम्हांस याची चांगलीच प्रचीति आली.

नगर (सरकारदरबारीं २०२४ पासून अहिल्यानगर) हें काळ्या पाषाणाचें गांव. पण हा ज्वालामुखीचा दगड. तो फोडावा लागतो, त्याचे पापुद्रे सुटत नाहींत. म्हणून शेणानें सारवलेल्या भुईनंतर आमच्याकडे जी फरशी आली ती परमुलुखांतून, भीमेच्या खालच्या खोऱ्यांतील शहाबादेहून. तो चुनखडीचा दगड. प्राचीन समुद्राच्या तळाशीं थरावर थर बसून झालेला असल्यामुळें त्याच्या सपाट लाद्या सहज सुटतात. शहाबाद मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. १८७८ सालीं दौंड-मनमाड फांटा सुरू झाल्यावर या जड वस्तूला नगरची वाट मोकळी झाली. पुढें रंगीत सिमेंटच्या फरश्यांची चाल पडली. १९२२ सालीं ‘भारत फ्लोअरिंग्ज’ हा कारखाना निघाला तो स्वदेशीच्या भरांतच. या फरशीला भट्टी ठाऊक नाहीं. साच्यांत रंग ओतावयाचा, वर सिमेंट भरावयाचें, यंत्राखालीं दाबावयाचें आणि पाण्यांत मुरूं द्यावयाचें. पायांच्या घर्षणानें ती वर्षानुवर्षें अधिकच देखणी होत जाते. आमच्या मतें मनुष्यानें केलेल्या फरश्यांत हिच्याइतकी सभ्य दुसरी नाहीं.

सध्यांचा बाजार मात्र गुजरातेंतील मोरबीच्या हातीं आहे. ‘व्हिट्रिफाइड’ या नांवांतच काच या अर्थाचा लॅटिन शब्द दडलेला आहे, आणि तें नांव खोटें नाहीं. माती, फेल्स्पार व गारेची पूड सुमारें १२०० अंश सेल्सिअसच्या भट्टींत इतकी एकजीव होते, कीं अशी फरशी आपल्या वजनाच्या अर्धा टक्काहि पाणी पीत नाहीं. तिच्यावर डाग न पडण्याचें कारण हेंच, आणि पाय घसरण्याचेंहि एक कारण हेंच. न प्यालेलें पाणी वर पातळ पडदा होऊन राहतें. खालीं चकाकी असली, कीं पावलास धरावयास कांहीं उरत नाहीं.

आमच्या चिरंजीवांना हीच चकाकी हवी होती. “बाबा, आरशासारखी जमीन असली म्हणजे खोली दुप्पट दिसते,” असें त्यांचें म्हणणें. आमच्या मातोश्रींचें वय ८१. त्या म्हणाल्या, “आरसा भिंतीवर शोभतो रे. पायांखालीं आला, कीं पाणी कोठें सांडलें तें मला दिसायचें नाहीं.” आमच्याच आळींत गेल्या पावसाळ्यांत एका वृद्ध गृहस्थांचें खुब्याचें हाड मोडलें होतें, तेव्हां हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहिला नाहीं.

कांहीं खोक्यांवर ‘आर ९’, ‘आर १०’ अशीं अक्षरें असतात. ही जर्मन मोजणी आर १३ पर्यंत जाते, व आर ९ ही तिची सर्वांत खालची पायरी. ती परीक्षा कशी घेतात हें कळल्यावर आमची मोठी करमणूक झाली. तेल ओतलेल्या उतरत्या पृष्ठभागावरून बूट घातलेला मनुष्य चालवितात! आमच्या घरांत तेल आणि बूट यांची गांठ कधींच पडत नाहीं. अनवाणी, ओल्या पायांची परीक्षा निराळी. तिच्या पायऱ्या ए, बी व सी, आणि सी सर्वांत उत्तम. स्नानगृहासाठीं विचारावयाचें तें हें अक्षर. दुकानदारास तें ठाऊक नव्हतें. तेव्हां आम्हीं जोडे काढले, तांब्याभर पाणी मागितलें आणि नमुन्यांवर ओतून एकेकावर उभे राहिलों. बाकीचीं गिऱ्हाइकें आमच्याकडे पाहूं लागलीं, पण अर्ध्या नमुन्यांचा निकाल तेथेंच लागला.

शहाबादीची बाजू मातोश्री मांडतात तितकी निर्दोष नाहीं. लिंबू, चिंच, संडास धुण्याचें आम्ल यांनीं चुनखडी खाल्ली जाते. रुंद सांध्यांत मळ साठतो. म्हणून स्वयंपाकघर व न्हाणी यांना खरखरीत, बिनचकाकीची मोरबी फरशी आणि मातोश्रींची खोली व पडवी यांना जुन्याच शहाबादी लाद्या, उचलून, कडा घासून, पुन्हां बसविलेल्या, अशी वांटणी झाली. बैठकीची खोली चिरंजीवांना दिली. तेथें मातोश्री क्वचितच जातात, आणि जातात त्या नातवाचाच हात धरून.

एवढें ठरल्यावर मातोश्रींनीं फरशी पुसणाऱ्या बाईंनाहि विचारावयास सांगितलें. बारा वर्षें ही जमीन गुडघ्यांवर बसून पुसणाऱ्या बाईंचें मत तोंवर कोणीं घेतलें नव्हतें. त्या म्हणाल्या, “सर, फरशी कोन्ची बी घाला, पन आधी मोरीकडं उतार द्या. पानी माज्या फडक्याची वाट बघत बसाया नको.” गवंड्यास त्याच दिवशीं न्हाणींत व मागच्या पडवींत मीटरमागें दीड सेंटिमीटर उतार धरावयास सांगितला, तो दोरी लावून बाईंनीं स्वतः तपासला.