विक्रोळीची अमेरिकन बाई

बरेच दिवसांनी लिहितोय. मधले तीन महिने घरात एका विषयावरून वाद चालू होता. नात्यातल्या बऱ्याच जणांनी आईला फोन करून आपापलं मत दिलंच आहे, तेव्हा आता माझी बाजूही ऐका.

झालं असं, की आईने एका रविवारी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, "मी सहा महिने वरोऱ्याला आनंदवनात जाऊन राहणार आहे. जमेल ते काम करीन." बाबांना जाऊन दीड वर्ष झालंय. आईचं वय ६७. साखर आहे, उजवा गुडघा दुखतो. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "या वयात?"

तिने मान वर न करता विचारलं, "कार्टरच्या आईचं वय काय होतं रे?"

हा आमच्या घरातला जुना किस्सा आहे. आईचं बालपण विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतलं, आजोबा तिथेच कामाला. १९६६ ते ६८ या काळात लिलियन कार्टर ही अमेरिकन नर्स 'पीस कोअर'ची स्वयंसेविका म्हणून तिथल्या दवाखान्यात काम करत होती. आई तेव्हा आठ-दहा वर्षांची. तिला आठवतात ते फक्त पांढरे केस आणि आजीचं "ती बघ अमेरिकेची बाई" असं बोट दाखवणं. पुढे १९७७ साली त्या बाईंचा मुलगा अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि मग काय, वसाहतीतल्या प्रत्येकाचीच बाईंशी घट्ट ओळख निघाली!

लिलियनबाईंचा जन्म १५ ऑगस्ट १८९८चा. नवरा १९५३ मध्ये गेला. थोरल्या जिमीने नौदलातली पाणबुडीवरची नोकरी सोडली आणि जॉर्जियातल्या प्लेन्स गावी येऊन भुईमुगाची शेती सांभाळली. एका रात्री बाईंनी टीव्हीवर 'पीस कोअर'ची जाहिरात पाहिली, त्यात वयाची अट नाही असं म्हटलं होतं. त्यांनी अर्ज केला. भारतात निघाल्या तेव्हा त्या ६८ वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी जिमी गव्हर्नरपदाच्या उमेदवारीची पहिली निवडणूक हरला होता. म्हणजे आईची घरी गरज नव्हती असं नाही.

इथे आधी कुटुंबनियोजनाचं काम मिळालं, मग दवाखान्यात. तिथे कुष्ठरोगीही येत. जिमी कार्टरने पुढे या विषयावर एक कविता लिहिली. त्या कवितेतली आई कुष्ठरोगी मुलगी प्रथम पाहून मागे सरकते. मला ती मागे सरकणारी बाई फार खरी वाटते. घरी धाडलेल्या पत्रांचं पुढे पुस्तक निघालं. परत गेल्या तेव्हा फार वाळल्या होत्या म्हणतात. (हे वाक्य मी वादात वापरलं. उपयोग झाला नाही.)

बाबांचं मात्र कार्टरशी कधी जमलं नाही. त्यांच्या लेखी कार्टर म्हणजे तारापूरचं युरेनियम अडवणारा माणूस. १९७८मध्ये अमेरिकेत अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध कायदा झाला आणि आपल्या तारापूरच्या वीज केंद्राचं इंधन अडचणीत आलं. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्याला म्हणाले, की परत गेल्यावर मोरारजींना थंड आणि रोखठोक पत्र लिहू. समोरचा माइक चालू होता! मोरारजींनी ते मनावर घेतलं नाही. १९८० साली त्याच कार्टरने स्वतःच्या देशात विरोध असूनही ३८ टन इंधन पाठवायला मंजुरी दिली, हे बाबा सांगायचे नाहीत. आई सांगायची.

बाकी कारकीर्द म्हणाल तर फार सुखाची नव्हती. इजिप्त आणि इस्रायलला तेरा दिवस कॅम्प डेव्हिडला बसवून समझोता घडवला, ते मोठंच काम. पण महागाई, पेट्रोलच्या रांगा, आणि मग तेहरान. ५२ अमेरिकन ओलीस ४४४ दिवस अडकले, सुटकेची मोहीम वाळवंटात फसली, आठ सैनिक गेले. १९८० साली रेगनसमोर पन्नासांपैकी सहाच राज्यं मिळाली. ओलीस सुटले ते रेगनने शपथ घेतल्यावर काही मिनिटांनी. छप्पन्नाव्या वर्षी माणूस घरी परतला, तर शेतीवर कर्ज.

आणि मग पुढची चव्वेचाळीस वर्षं! नारू आठवतो का कुणाला? आजी सांगायची, पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा. १९८६ साली जगात नारूचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते, आता वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या मोहिमेमागे कार्टरची संस्था होती. २००६ साली ८२व्या वर्षी ते लोणावळ्याजवळ मळवलीला गरिबांसाठी शंभर घरं बांधायला आले होते. मी तेव्हा कॉलेज संपवून बसलो होतो, आणि आम्हा पोरांना बातमीतलं फक्त ब्रॅड पिट दिसलं. २९ डिसेंबर २०२४ला ते गेले, शंभरी ओलांडून. त्या रात्री आई टीव्हीसमोर बराच वेळ बसून होती. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल.

असो. मी हरलो. खरं सांगू का, मला तिच्या गुडघ्याची काळजी होती त्याहून जास्त सकाळी सहाच्या डब्यांची आणि दुपारी शाळेतून येणाऱ्या लेकीची होती. हे मी आईला बोललो नाही. बायको बोलली, मला, आणि तेही बरोबर बोलली.

सोमवारी कल्याणला सेवाग्राम एक्स्प्रेसमध्ये बसवून दिलं. बरोबर एक बॅग, गोळ्यांचा डबा आणि गुडघ्याचा पट्टा. वर्ध्याला उतरून पुढे वरोऱ्याची बस. गाडी हलताना तिने खिडकीतून एवढंच सांगितलं, "कुकरची शिट्टी बदलून घे."

काल रात्री फोन आला. पहाटे उठावं लागतं, जेवण साधं आहे, पहिल्या दिवशी एका आजोबांच्या हाताकडे बघून आपण नजर वळवली, त्याचं वाईट वाटतंय. दुसऱ्या दिवशी त्यांनीच हिला झाडांना पाणी कसं घालायचं ते शिकवलं.

मग विचारते, "शिट्टी बदललीस का?"